पडद्यावर येताना फॅसिझम कोणाच्या खात्यावर टाकला जातो?

बर्डीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कॉमिक्सवरून निघालेल्या तीन सिनेमांबद्दल बरेच दिवस डोक्यात घोळतंय, ते एकदाचं सविस्तर मांडतो. तिन्ही बहुतेकांनी पाहिलेले असतील: '३००', 'व्ही फॉर व्हेंडेटा' आणि २०११ चा 'कॅप्टन अमेरिका'. तिन्ही स्वातंत्र्याच्या बाजूने बोलतात आणि हुकूमशहा वाईट असं ठणकावून सांगतात. पण मूळ कॉमिक, मूळ इतिहास आणि सिनेमा शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट तिन्हींत सारखी दिसते. असली राजवट साध्या माणसांच्या संमतीवर, गप्प बसण्यावर चालते, हा भाग सिनेमात गळून पडतो. सगळं पाप एखाद्या राक्षसाच्या, कटवाल्याच्या किंवा परक्याच्या नावावर जातं आणि प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो.

'व्ही'पासून सुरू करतो. अ‍ॅलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांनी ती कथा १९८२ मध्ये 'वॉरियर' या ब्रिटिश मासिकात सुरू केली. मासिक बंद पडलं, मग डीसी या अमेरिकन प्रकाशनाने १९८८-८९ मध्ये ती पूर्ण केली. कॉमिकमध्ये अणुयुद्धानंतर इंग्लंडात पूर येतात, अन्न संपतं, रस्त्यावर टोळ्यांचं राज्य येतं. 'नॉर्सफायर' पक्ष शिस्त आणतो, म्हणून लोक त्याला येऊ देतात. त्यानंतर काळे, आशियाई, समलैंगिक, डावे असे एकेक गट छावण्यांत जातात. २००५ च्या सिनेमात ही सुरुवातच बदलली. तिथे पक्षानेच विषाणू सोडून हजारो माणसं मारली आणि त्या भीतीवर सत्ता मिळवली. म्हणजे जनता फसवली गेली. फसवल्या गेलेल्याला जाब विचारता येत नाही. सिनेमातला मुखवटाधारी नायक व्ही टीव्हीवरून लोकांना आरशात बघा असं सांगतो खरा, पण कथा त्या वाक्याला साथच देत नाही.

आणखी एक फरक मला जास्त बोचतो. कॉमिकमधला नेता अ‍ॅडम सुसान एकटा, रुक्ष माणूस आहे. आपला फॅसिझमवर विश्वास आहे हे तो मनाशी शांतपणे बोलतो आणि आपण देशाचं भलं करतोय असं त्याला मनापासून वाटतं. सिनेमात त्याचं नाव सटलर झालं आणि तो अवाढव्य पडद्यावरून ओरडणारा चेहरा उरला. कॉमिकमध्ये त्याला मारते रोझ आल्मंड. पक्षाच्या एका अधिकाऱ्याची ही बायको. राजवटीत तिचं बरं चाललेलं असतं, नवरा मेल्यावर तीच राजवट तिला उघड्यावर टाकते. या सगळ्याला आपणही हातभार लावला हे तिच्या लक्षात येतं तो सगळा प्रवास कॉमिकमध्ये आहे. सिनेमात ही बाई नाहीच. मूरने सिनेमावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. फॅसिझम आणि अराजकवाद हे दोन शब्दच सिनेमात कुठे येत नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

आता कॅप्टन अमेरिका. जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू घरातले. त्यांचा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये दुकानांत आला (वर तारीख मार्च १९४१ ची) आणि मुखपृष्ठावर नायक थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा जवळजवळ वर्ष बाकी होतं. न्यूयॉर्कमध्ये नाझींचे उघड समर्थक होते, या दोघांना धमक्या आल्या, महापौर ला गार्डिया यांनी फोन करून संरक्षणाची हमी दिली. २०११ च्या सिनेमात शत्रू आहे 'हायड्रा' ही काल्पनिक संघटना, जी हिटलरपासूनही फुटून निघते. हिटलर दिसतो तो रंगमंचावरच्या नाटकात, ठोसा खायला उभा केलेला नट म्हणून. ज्यूंच्या संहाराबद्दल काही नाही. आणि नायकाच्या तुकडीत गोरे, काळे, जपानी वंशाचे सगळे खांद्याला खांदा लावून लढतात. प्रत्यक्षात अमेरिकन सैन्यात काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असायच्या. ही विभागणी बंद करण्याचा ट्रुमनचा आदेश १९४८ चा. तुकडीतला जिम मोरिता सांगतो की तो फ्रेस्नोचा आहे. १९४२ मध्ये त्याच फ्रेस्नोत जत्रेच्या मैदानावर जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना डांबून ठेवलं होतं. अशी सुमारे १ लाख २० हजार माणसं वेगवेगळ्या छावण्यांत पाठवली गेली, त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. सिनेमाने मोरिताला सन्मान दिला, हे चांगलंच. पण त्याचे आईबाप त्या वेळी कुठे असतील याचा मागमूस ठेवला नाही.

याच्या शेजारी १९४३ ची 'बॅटमॅन' मालिका ठेवा. कोलंबियाची, १५ भागांची, बॅटमॅन पहिल्यांदा पडद्यावर आला तो इथे. खलनायक जपानी हेर डॉक्टर डाका, भूमिका एका गोऱ्या नटाने केलेली. ओस पडलेली जपानी वस्ती दाखवताना निवेदक म्हणतो की शहाण्या सरकारने या लोकांना उचललं ते बरंच झालं. १९४३ मध्ये अन्यायाची शाबासकी, २०११ मध्ये अन्याय गायब. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच काळजीची वाटते, कारण पहिली ऐकताना निदान आज आपले कान टवकारतात.

'३००' बद्दल तर बोलावं तितकं थोडं. फ्रँक मिलरची चित्रं, लिन व्हार्लीचे रंग, १९९८, पाच अंक. थर्मोपिलीची लढाई, इ.स.पू. ४८०: ग्रीसमधल्या स्पार्टाचा राजा लिओनायडस आणि त्याचे तीनशे सैनिक विरुद्ध इराणचा राजा झर्क्सीस. तिथे स्पार्टा म्हणजे स्वातंत्र्य आणि इराणी सैन्य म्हणजे गुलामी. स्पार्टा हे गुलामांच्या जिवावर उभं असलेलं राज्य होतं, हे अख्ख्या सिनेमात एकदाही येत नाही. बाकी तुमच्याकडून ऐकायचंय, विशेषतः इतिहास शिकवणाऱ्यांकडून.

वऱ्हाडीठसका

भाऊ, लय जबरदस्त लिवलं. आमच्या मानेवाड्याकडच्या जिममदी अजूनबी भिंतीवर लिओनायडसचं पोस्टर हाये. पोट्टे वजन उचलताना थ्या पिक्चरमधले डायलॉग मारतात. स्वातंत्र्याची लढाई म्हणूनच आमी सारे थो पाहतो. थे गुलाम कोन होते, किती होते, जरा फोडून सांगा ना. पोट्ट्याइले सांगाचं हाये मले.

मास्तरीणबाई

ठसकाभाऊ, मी सांगते. हाच भाग मी नववी-दहावीच्या मुलांशी नेहमी बोलते.

त्या गुलामांना हेलॉट म्हणत. ते बाहेरून विकत आणलेले नव्हते. स्पार्टाने शेजारचा मेसेनिया जिंकला आणि तिथल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या त्यांच्याच जमिनीवर राबायला लावलं. स्पार्टाचा नागरिक शेतात हात घालत नसे, म्हणूनच त्याला जन्मभर कवायत करता आली. सिनेमात लिओनायडस दुसऱ्या गावच्या सैनिकांना विचारतो, तुमचा धंदा काय? कुणी कुंभार, कुणी लोहार. मग तो आपल्या माणसांकडे वळतो आणि ते सगळे गर्जना करतात. थिएटरात इथे शिट्ट्या पडतात. पण ते सगळे फक्त सैनिक असू शकले, कारण मागे दुसरं कुणीतरी नांगर धरून होतं.

संख्या म्हणाल तर प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की पुढच्या वर्षीच्या प्लाटियाच्या लढाईत स्पार्टाचे ५ हजार नागरिक होते आणि त्यांच्याबरोबर ३५ हजार हेलॉट. एकामागे सात. या सात जणांची स्पार्टाला सतत धास्ती असायची. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने अ‍ॅरिस्टॉटलचा हवाला देऊन लिहिलंय की दरवर्षी सूत्रं हाती घेताना स्पार्टाचे अधिकारी हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारत. त्यामुळे हेलॉटला मारणं हा खूनच ठरत नसे. तरुण स्पार्टन रात्री लपून त्यांतल्या धडधाकट लोकांना मारत. थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने सांगितलेला प्रसंग तर वाचवत नाही. युद्धात ज्यांनी सर्वांत मोठा पराक्रम केला असं वाटतं त्यांनी पुढे यावं, त्यांना मुक्त करू, अशी घोषणा झाली. सुमारे २ हजार हेलॉट निवडले गेले. ते डोक्याला हार घालून देवळांना प्रदक्षिणा घालून आले, आणि मग सगळे नाहीसे झाले. कोण कसा मेला हे कुणाला कळलं नाही. जो स्वतःहून पुढे येतो तोच उद्या बंड करील, हा हिशोब.

थर्मोपिलीलाही हेलॉट मेले. हिरोडोटस आठव्या खंडात त्यांच्या प्रेतांचा उल्लेख करतो. शेवटच्या दिवशी लिओनायडसबरोबर थेस्पिया या छोट्या गावाचे ७०० जण स्वखुशीने थांबले आणि सगळे मेले. त्यांचं स्मारक तिथे १९९७ मध्ये उभं राहिलं. लिओनायडसचा पुतळा १९५५ चा. सिनेमाच्या नावातच त्यांना जागा नाही.

आणि तो इराणी दूताला विहिरीत ढकलण्याचा प्रसंग. सिनेमाचा सगळ्यांत गाजलेला क्षण. हिरोडोटसकडे तो आहे, पण इराणच्या आधीच्या राजाच्या, दारयवहूच्या काळातला. त्याची पुढची कथा मुलांना सांगितली की वर्ग चिडीचूप होतो. दूताला मारणं हे पाप आहे असं स्पार्टालाच वाटू लागलं. भरपाई म्हणून दोन स्पार्टन स्वतःहून झर्क्सीसकडे गेले, आम्हाला मारा म्हणाले. झर्क्सीसने त्यांना सोडून दिलं. स्पार्टाने जगाचा नियम मोडला म्हणून मी मोडणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला. हिरोडोटस ग्रीक होता, त्याच्या लोकांनी ते युद्ध भोगलं होतं, तरी शत्रूचा मोठेपणा त्याने लिहून ठेवला. अडीच हजार वर्षांनंतरच्या सिनेमाला तेवढी दानत झाली नाही.

फ्रेमबायफ्रेम

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. '३००' चं प्रत्येक पान दुहेरी आडवं आहे. डोंगर, ढाली, काळी सावली आणि त्यावर व्हार्लीचे मातकट रंग... कॉमिकच्या इतिहासात पानाचा एवढा विस्तार फार कमी जणांनी वापरलाय. ते काम मी आजही चित्रं शिकणाऱ्या मुलांना दाखवतो आणि पुढेही दाखवीन.

दुसरं असं की सिनेमात सगळी गोष्ट डिलिओस सांगतो. एक डोळा गेलेला सैनिक, उद्याच्या लढाईआधी आपल्या लोकांना पेटवतोय. तो शत्रूला राक्षस करणारच, आपल्या राजाला देव करणारच. आपले शाहीर काय वेगळं करायचे? पोवाड्यात अतिशयोक्ती असते आणि ऐकणाऱ्याला ती कळते. एखाद्या सैनिकाने शेकोटीजवळ सांगितलेल्या गोष्टीला इतिहासाच्या पेपरासारखे मार्क देणं मला पटत नाही.

बर्डीवाला

फ्रेमभाऊ, डिलिओसचा मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

सांगणारा एकांगी आहे हे दाखवायचं तर त्याच्या गोष्टीला कुठेतरी तडा जावा लागतो. दुसरा आवाज, एखादी चूक, एखादा हेलॉट मागून जाताना, काहीही. '३००' मध्ये असा तडा नाही. डिलिओस जे सांगतो तेच कॅमेरा दाखवतो, आणि शेवटी तेच लोक प्लाटियावर धावत सुटतात. सिनेमा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

इतिहासाचे मार्क तर मला द्यायचेच नाहीत. गेंडे आणले, झर्क्सीसला आठ फुटांचा केला, करू देत. माझा आक्षेप शरीरांवर आहे. सिनेमाची सुरुवात आठवा. नवजात बाळ तपासलं जातं, खाली कवट्यांचा ढीग. जरा व्यंग असतं तर टाकून दिलं असतं असं निवेदक सांगतो. पुढे येतो एफिआल्टीस, कुबड असलेला. आईच्या मायेने त्याच्या आईबापांनी त्याला घेऊन स्पार्टा सोडलं म्हणून तो वाचला. आणि तोच फितूर होतो, त्याच्यामुळेच सगळे मरतात. आता ही दोन टोकं जोडून बघा. ज्याला टाकायला हवं होतं त्याला टाकलं नाही म्हणून देश बुडाला, हे कथानक सिद्ध करून दाखवतं. कोणत्याही पात्राला ते तोंडाने बोलावं लागत नाही. हिरोडोटसकडे एफिआल्टीस तिथल्याच मालिस भागातला एक माणूस आहे, बक्षिसाच्या लोभाने वाट दाखवणारा. तो स्पार्टाचा नाही आणि त्याच्या शरीराबद्दल एक अक्षर नाही. कुबड मिलरने दिलं.

हा बदल साधा नाही, कारण नेमकी हीच गोष्ट कुणाला आवडली होती याची नोंद आहे. हिटलरने १९२८ मध्ये लिहिलेल्या, त्याच्या हयातीत न छापलेल्या पुस्तकात दुबळी मुलं टाकून देणाऱ्या स्पार्टाचं वंशशुद्धीचं राज्य म्हणून कौतुक आहे. १९३९ नंतर जर्मनीत अपंग आणि मनोरुग्ण माणसांना मारण्याची सरकारी मोहीम सुरू झाली. १९४१ पर्यंतच्या पहिल्या टप्प्यात गॅसने मारलेल्यांची संख्या ७० हजारांच्या वर जाते. ३० जानेवारी १९४३ ला स्टालिनग्राडमध्ये सैन्य उपाशी मरत असताना नाझी नेता गोअरिंगने रेडिओवर त्यांची तुलना लिओनायडसच्या तीनशेंशी केली. जर्मनीला जाल तर सांगा की आम्हाला स्टालिनग्राडला लढताना पाहिलं, असा थर्मोपिलीच्या शिलालेखाचा साचा वापरला. जिवंत माणसांना त्यांचा मृत्युलेख ऐकवला. तीन दिवसांनी ते सैन्य शरण आलं.

शाहिराच्या पोवाड्याचं मला मान्य आहे. पण अफझलखान कुबडा होता म्हणून वाईट होता, असं कोणता शाहीर म्हणतो?

मास्तरीणबाई

बर्डीवाला दादा, यात एक भर. बाळं टाकण्याची गोष्ट आपल्याला फक्त प्लुटार्ककडून कळते, आणि तो थर्मोपिलीनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. त्याच प्लुटार्कने अ‍ॅगेसिलाउसचंही चरित्र लिहिलंय. हा इ.स.पू. ४०० च्या सुमारास स्पार्टाचा राजा झाला, त्याचा एक पाय अधू होता आणि त्याने सुमारे चाळीस वर्षं राज्य केलं. लंगडा राजा स्पार्टाच्या गादीवर! कुष्ठरोग्यांसारखे रंगवलेले ते एफोर पुजारीही असेच. खरे एफोर पाच असत, दरवर्षी नागरिकांमधून निवडलेले. निवडून आलेला अधिकारी किळसवाणा आणि त्याचं न ऐकणारा राजा देखणा, हेही मुलांना दाखवून द्यायला हवं.

वऱ्हाडीठसका

ताई, लंगड्या राजाचं मले ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे एक पोट्टा पोलिओचा पाय घेऊन रोज व्यायामाले येते, बेंच प्रेस साऱ्याइच्या वर मारते. त्याले आजच सांगतो.

विदर्भाचा_इतिहास

चर्चा ग्रीस-अमेरिकेत फिरते आहे, पण आपण नागपुरात बसून बोलतोय हेही लक्षात असू द्या. बर्डीवरच्या मुंजे चौकातून आपण रोज जातो. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे पहिल्या गोलमेज परिषदेनंतर इटलीला गेले आणि १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले. त्यांनी 'बालिल्ला' ही लहान मुलांची गणवेशधारी संघटना पाहिली आणि आपल्या रोजनिशीत तिचं कौतुक लिहिलं. १९३७ मध्ये नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं.

धाग्याशी संबंध असा की याच बालिल्लाच्या नावाने इटलीत मुलांचं साप्ताहिक निघायचं आणि त्यात चित्रकथा असायच्या. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने परदेशी कॉमिक्सवर बंदी घातली, मिकी माऊस तेवढा काही वर्षं वगळला. म्हणजे मुलांच्या हातात कोणतं चित्र पडावं हा त्या राजवटीसाठी मंत्रालयाचा विषय होता.

महालकर

हे ओढूनताणून आहे. मुसोलिनीला भेटले म्हणून कुणी फॅसिस्ट होत नाही. १९२६ मध्ये रवींद्रनाथ टागोर त्याचे पाहुणे होते. खुद्द गांधीजी, मुंजे भेटले त्याच वर्षी, डिसेंबर १९३१ मध्ये त्याला रोममध्ये भेटले. मुंजे निष्णात नेत्रचिकित्सक होते, बोअर युद्धात वैद्यकीय पथकात गेले होते, आणि सैन्यात भारतीय अधिकारी हवेत ही मागणी त्यांनी आयुष्यभर लावून धरली. त्या काळात अर्ध्या जगाला इटलीची शिस्त आवडली होती. कॉमिक्सच्या धाग्यावर आपल्या माणसांचं उणं काढायची गरज नाही.

विदर्भाचा_इतिहास

महालकर, टागोरांचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. तिथून निघाल्यावर राजवटीने छळलेल्या लोकांच्या भेटी झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये पत्र छापून फॅसिझमचा निषेध केला. भेट कुणीही घेतो. मुंजे यांना तिथे काय आवडलं ते त्यांच्याच हाताने लिहिलेलं आहे. त्यांचं बाकीचं काम मी नाकारत नाही, पण हे पान फाडायला मी तयार नाही. 'अर्ध्या जगाला आवडलं होतं' हे तुम्ही म्हणता, बर्डीवाला यांचाही तोच मुद्दा आहे.

महालकर

आवडणं आणि आणणं यांत फरक आहे. एका शाळेवरून तुम्ही फार पुढची उडी घेताय. मी माझ्या मतावर ठाम आहे.

व्यवस्थापन

दोघांनीही आपापली बाजू नोंदींसह मांडली आहे. मुंजे यांच्यावर स्वतंत्र धागा काढावा, तिथे सविस्तर बोलता येईल. इथे कॉमिक्स आणि सिनेमापुरतं राहूया.

ओसाकाहून

मूळचा धरमपेठेचा, सध्या जपानात. इथलं एक उदाहरण देतो, कारण इथे हा वाद शाळेच्या ग्रंथालयापर्यंत गेला.

केइजी नाकाझावा सहा वर्षांचा असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. वडील, बहीण आणि लहान भाऊ गेले. १९७३ मध्ये त्याने 'बेअरफूट गेन' ही चित्रकथा सुरू केली, १९८३ मध्ये तिच्यावर अ‍ॅनिमेशनपट आला. चित्रपटात बॉम्बस्फोटाचा भाग इतका भीषण आहे की पाहताना श्वास अडकतो. पण कॉमिक पुस्तकांचं बळ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानांत आहे. गेनचे वडील युद्धाला विरोध करतात म्हणून शेजारी, पोलीस, शिक्षक सगळे मिळून त्या कुटुंबाला देशद्रोही ठरवून छळतात. त्याच आळीत राहणारा कोरियन माणूस सगळ्यांकडून अपमान सोसतो. सम्राटाचं नाव घेऊन त्याला जबाबदार धरलंय. पडद्यावर राहिला मुख्यतः बॉम्ब, म्हणजे वरून पडलेलं संकट. शेजाऱ्यांनी काय केलं ते मागे पडलं. बर्डीवाला म्हणतात तेच इथेही.

२०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना हे पुस्तक बंद कपाटात ठेवायला सांगितलं. कारण दिलं ते जपानी सैन्याच्या अत्याचारांची चित्रं. ओरड झाल्यावर २०१३ च्या ऑगस्टमध्ये निर्णय मागे घेतला. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमा शहराने शाळेच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ते काढलं. दुसरीकडे योशिनोरी कोबायाशीचं 'सेन्सोरोन' हे १९९८ चं मांगा (जपानी चित्रकथा), ज्यात जपानी सैन्याने चीनमध्ये केलेल्या नानजिंगच्या कत्तलीबद्दल शंका घेतल्यात आणि जपानच्या युद्धाचं समर्थन आहे, ते इथे धडाक्याने खपलं. तेही कॉमिकच आहे, चित्रं सफाईदार आहेत, लेखक स्वतःच पात्र होऊन वाचकाशी मित्रासारखा बोलतो. हे माध्यम कुणाचंही काम तितक्याच निष्ठेने करतं.

निळीशाई

बर्डीवाला दादांनी शरीरांचा मुद्दा काढला, तो मला आपल्याकडच्या चित्रकथांपर्यंत न्यायचा आहे. आम्ही लहानपणी वाचलेल्या पौराणिक-ऐतिहासिक चित्रकथांत नायक गोरा आणि राक्षस काळा, जाड ओठांचा, हे इतकं ठरलेलं असायचं की माझा भाऊ स्वतःचं चित्र काढताना गुलाबी खडू वापरायचा. ते कुणी एका पक्षाने शिकवलं नव्हतं. घराघरात प्रेमाने आणलेली पुस्तकं होती ती.

म्हणून 'भीमायन' कुणी वाचलं नसेल तर जरूर वाचा. २०११ मध्ये नवयानाने काढलेलं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत पाणी नाकारलं गेलं तिथून ते महाडच्या तळ्यापर्यंत आणि बडोद्यात राहायला जागा न मिळण्यापर्यंतचे प्रसंग त्यात आहेत. व्याम दांपत्याने माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. पानावर चौकोनच नाहीत, गोंड घरांच्या भिंतीवरच्या दिग्ना नक्षीने प्रसंग वेगळे केलेत. जो मायेने बोलतो त्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, जो विखारी बोलतो त्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. विखार माणसाच्या नाकडोळ्यांत नाही, बोलण्यात दाखवलाय. पाणी नाकारणारा माणूस दिसायला पाणी देणाऱ्यासारखाच आहे. मला वाटतं '३००' च्या एफिआल्टीसला याहून चांगलं उत्तर नसेल.

आणि यातलं कोण वाईट? शिपाई, टांगेवाला, पारशी सराईच्या दारात काठ्या घेऊन आलेला जमाव. एकही राक्षस नाही. ज्या नागपूरची वसाहत गोंड राजा बख्त बुलंदशहाने वसवली आणि जिथे १९५६ मध्ये दीक्षा झाली, त्या शहरात हे पुस्तक घराघरात असायला हवं. दीक्षाभूमीवर विजयादशमीला पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे विचारून बघा.

फ्रेमबायफ्रेम

निळीशाई ताई, 'भीमायन' मी चित्रांसाठी पाहिलंय, पण विंचवाच्या नांगीचा अर्थ तुम्ही लावलात तसा कधी लावला नव्हता. चौकट नाकारण्याबद्दल एक सांगतो: त्यावर सिनेमा करणं फार अवघड जाईल, कारण कॅमेरा स्वतःच एक चौकट आहे. '३००' ची आडवी पानं मात्र जशीच्या तशी पडद्यावर बसली. दिग्दर्शक स्नायडरने कित्येक दृश्यं पानासमोर ठेवूनच रचली. म्हणजे मिलरने जे काढलं होतं तेच मोठं झालं, वाढवून काही आलं नाही. राणीचा राजकारणातला भाग तेवढा सिनेमाने जोडला. म्हणून बर्डीवाला, तुमचं सूत्र 'व्ही'ला आणि 'कॅप्टन अमेरिका'ला लागू पडतं, '३००' ला नाही. तिथे रूपांतराने काही पुसलं नाही, मुळातच पुसलेलं होतं.

बर्डीवाला

हे बरोबर पकडलंत. '३००' मध्ये पुसण्याचं काम हिरोडोटसकडून मिलरकडे येतानाच झालं, मी तिन्ही एका ओळीत बसवले तिथे हा फरक राहतो. पण सिनेमाने एक गोष्ट केलीच: हलती, घामाने चमकणारी, खरी शरीरं दिली. कागदावरचा लिओनायडस रेषांचा होता, त्याच्यासारखं होण्याचा प्रयत्न कुणी करत नव्हतं. सिनेमानंतर युरोपातल्या 'आयडेंटिटेरियन' या स्थलांतरितविरोधी चळवळीने स्पार्टाच्या ढालीवरचं लॅम्डा अक्षर झेंड्यावर घेतलं. ग्रीसमधला 'गोल्डन डॉन' हा नवनाझी पक्ष थर्मोपिलीला मशाली घेऊन मेळावे भरवायचा. अमेरिकेत 'या आणि घेऊन जा' हे लिओनायडसच्या तोंडी असलेलं वाक्य बंदूकवाल्यांच्या टी-शर्टवर आलं. यांतलं सगळं सिनेमामुळे झालं असं मी म्हणत नाही, थर्मोपिलीचा वापर जुना आहे. पण लोक ज्या लिओनायडसचा चेहरा छापतात तो आता सिनेमातल्या नटाचा, जेरार्ड बटलरचा असतो.

वऱ्हाडीठसका

भाऊ, ताई, साऱ्याइले एक विनंती. या रविवारी जिमच्या पोट्ट्याइले '३००' लावून दाखवाचा हाये, पण मधात मधात थांबवून. मास्तरीणबाई, तुमी येसान का? विहिरीचा सीन झाला का थांबवतो, तुमी थे दोन स्पार्टनवाली गोष्ट सांगा.

मास्तरीणबाई

येते की. मात्र विहिरीपाशी थांबवू नका, त्याच्या बऱ्याच आधी, बाळ तपासतात तिथे थांबवा. तिथे मुलांना विचारा की या पोराच्या घरची शेती कोण करतं. बाकीचं त्यानंतर बोलू. निळीशाई ताई, तुमच्याकडची 'भीमायन'ची प्रत मिळेल का?

निळीशाई

मिळेल. मीच घेऊन येते, वेळ कळवा.